धुरपदाबाईंच्या मेलची टिंग

उधन्याच्या त्या गल्लीत धुरपदाबाईंशी वाद घालायला सहसा कुणी धजत नसे. त्यांचं उभं तारुण्य यंत्रमागाच्या खात्यात, म्हणजे कारखान्यात, गेलं होतं. तिथे बायकांना संडास नव्हता, म्हणून पाणी न पिता कामाची अख्खी पाळी काढायची. हे त्यांनी कामगार कचेरीला केलेल्या अर्जात रोखठोक लिहिलं होतं, मुलाच्या जुन्या कॉम्प्युटरवर एकेक अक्षर शोधत.

सुनावणीची तारीख ईमेलनं आली आणि उलटून गेली. मेल आली की टिंग वाजायला हवी. ती वाजलीच नाही. उलट कचेरीतले साहेब बाईंनाच म्हणाले, "कळवलं होतं, बेन. तुम्हीच आला नाहीत. पुढची तारीख मेलनंच येईल. तेव्हाही आला नाहीत, तर अर्ज बंद."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी दुरुस्तीवाल्या गजेंद्रला घरी आणलं. कॉम्प्युटरमध्ये मेलच्या सूचनांची परवानगी बंद होती. त्यानं ती चालू केली, आवाज वर नेला आणि मोबाइलवरून एक मेल पाठवून पाहिली.

"लो मासी, वागे छे."

"काय वाजतंय? मला शेंडी लावतोस?"

त्यानं परत पाठवली. परत म्हणाला, वाजली. बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. सुपडूही जन्मभर मागावरच उभे राहिलेले. त्यांनी मान हलवली, "नई वाजस."

बाईंनी मग गाणं लावलं. ढोल दणदणला. "हे बघ, स्पीकर धडधाकट आहे. खोटारडा तूच."

"मग दुसरा कारीगर बघा," म्हणत गजेंद्र पिशवी उचलून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी शेजारची सुमन दारात बसून साडीला टिकल्या चिकटवत होती. घरबसल्या हेच तिचं काम. खात्यात तिनं कधी पाऊल टाकलं नव्हतं. मान वर न करताच ती म्हणाली, "ताई, मेल आली तुमची."

"तुला काय स्वप्न पडलं?"

"टिंग वाजली की. बहिऱ्या झालात का काय?"

ती हसत होती. बाई हसल्या नाहीत. स्क्रीनवर खरंच मेल होती: उद्या सुनावणी.

बाईंनी सुमनला मोबाइलवरून मेल पाठवायला लावल्या आणि स्पीकरला कान लावला. दर वेळी सुमनचं बोट वर जाई. बाईंना काहीच ऐकू येईना. खात्यातल्या बायकांना हाक मारली. त्याही स्पीकरकडे टक लावून, वाट बघत बसल्या.

सुपडू हळूच म्हणाले, "बारीक आवाज तिले ऐकू येस. आपले नई."

मागांच्या खडखडाटात ओठांवरून बोलणं ओळखायची सवय या सगळ्यांना होती. त्याचा त्यांना अभिमानच वाटत आला होता.

"मागांनी कान खाल्ले आपले," धुरपदाबाई म्हणाल्या, "आणि म्हणतात, तुम्हीच आला नाहीत."

त्या खुर्चीवर बसल्या आणि उत्तर टाइप करू लागल्या: आम्ही सगळ्याजणी येतोय. संडासाबरोबर आता कानांचंही बोलायचं आहे. साहेबांनी समोर बसून बोलावं. फायलीत तोंड घालून बोललात तर आम्हाला कळणार नाही.

मेल गेली. सुमननं टिंग काढून तिथे ढोल लावून दिला.

"आता त्या गजेंद्रलाही बोलाव," बाई म्हणाल्या.

"परत शिव्या द्यायला?"

"नाही. उद्या बरोबर न्यायला. मशीन वाजत होतं, आम्हालाच ऐकू येत नव्हतं, हे साहेबांना सांगायला कुणीतरी नको?"