गायकवाडताईंनी ओढलेली वायर

गायकवाडताईंना बसलेलं मी फार कमी वेळा पाहिलं. चहा उभ्याने, वर्तमानपत्र उभ्याने, फोनही उभ्यानेच. "बसा ना ताई," असं म्हटलं की उत्तर ठरलेलं, "कशाला? अंडी उबवायचीत?" आणि बोलता बोलता समोरच्याच्या घरातली चादर सरळ करायच्या, टपकणारा नळ घट्ट करायच्या, खिडकी उघडून परत लावायच्या. त्या निघून गेल्या की घर आवरलेलं असायचं आणि आपण दमलेले.

वडगाव शेरीतल्या आमच्या सोसायटीत त्यांचं दार माझ्या दारासमोर होतं. मी सांगलीहून आलेली, खराडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत नुकतीच लागलेली, एकटीच राहणारी. पहिल्याच रविवारी बेल वाजली. दारात एक उंच, सडपातळ बाई, पदर खोचलेला. "मी गायकवाड, समोरची. तुमची दुधाची पिशवी मघापासून बाहेर उन्हात पडलीय. पनीर करायचा बेत असेल तर तसं सांगा, मी जाते." आमची ओळख झाली ती अशी.

ताई सरकारी कचेरीतून निवृत्त झालेल्या. गायकवाडसाहेब बँकेतून. साहेबांचा आवाज असा की विहारातल्या सभेत माइक बंद पडला तरी शेवटच्या रांगेला शब्द न् शब्द ऐकू जायचा. त्यांची एकुलती एक मुलगी सुजाता अमेरिकेत होती. दर रविवारी सकाळी तिचा फोन यायचा. फोन साहेबांच्या खोलीत, पलंगाशेजारच्या स्टुलावर. आधी साहेब बोलायचे, मग उरला वेळ तर ताई. "बापलेकीचं झालं की मला तेवढं 'बाय' म्हणायला बोलावतात," ताई कौतुकानेच तक्रार करायच्या.

एका पावसाळ्यात साहेबांना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली, आणि तो आवाज गेला. शब्द तोंडातल्या तोंडात अडकायचे, अर्धे बाहेर पडायचे. दवाखान्यातून घरी आणल्यावर ताईंनी पहिलं काम काय केलं असेल, तर तपकीर गल्लीतल्या विजेच्या सामानाच्या दुकानातून वायरचं भेंडोळं आणलं. फोनची लाइन खांबावरून साहेबांच्या खोलीच्या खिडकीतून आत यायची, तिथेच भिंतीवर तिची डबी होती. त्या डबीतून ताईंनी स्वतःच्या हाताने वायर काढली, दारावरून, माळ्याच्या कडेने फिरवली आणि फोन हॉलमध्ये नेऊन ठेवला. मला म्हणाल्या, "घंटेने त्यांची झोपमोड होते."

मला ते खरं वाटलं. खरं कारण कळायला थोडे दिवस गेले. एका रविवारी मी हॉलमध्ये असताना फोन आला. ताईंनी साहेबांच्या खोलीचं दार लोटलं आणि आवाज खाली आणला. "पप्पा ना? विहारात गेलेत गं. हो, अगदी छान. हल्ली घरात पाय ठरत नाही त्यांचा."

रिसीव्हर ठेवून त्या खिडकीशी गेल्या, तिथून स्वयंपाकघरात, तिथून परत माझ्यासमोर.

"असं बघू नकोस माझ्याकडे," त्या म्हणाल्या. "तिचे व्हिसाचे कागद अडकलेत. आत्ता आली तर परत जाता येणार नाही. आणि कळलं तर ती येणारच. मुलगी कोणाची आहे!"

"पण ताई, साहेबांना काय सांगितलंय?"

"काही नाही. त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही."

साहेब विचारणार तरी कसे? एक वाक्य जुळवायला त्यांना घाम फुटायचा. फोन वाजला की ते भिंतीकडे तोंड करून पडायचे, एवढं मी पाहिलं होतं.

दिवाळी आली आणि सुजाताला संशय आला. दर वेळी पप्पा बाहेर कसे? तिने युक्ती काढली. पुण्यात आता ब्रॉडबँड मिळतं, ते घ्या, कॅमेरा लावा, मला तुम्हाला दोघांना बघायचंय. नाही म्हटलं असतं तर संशय पक्का झाला असता. ताईंनी कनेक्शनसाठी अर्ज केला. त्यांचा बेत तयार होता. कॉम्प्युटर हॉलमध्ये राहील, कॅमेऱ्यात त्या एकट्या दिसतील, आणि साहेब नेहमीप्रमाणे बाहेर गेलेले असतील.

पण कनेक्शनबरोबर आलेला राउटर त्या बेतात सामील होईना. हॉलमधल्या फोनच्या जागी जोडला की दिवा लुकलुकायचा, क्षणभर स्थिर व्हायचा आणि पुन्हा लुकलुकायला लागायचा. फोन वाजला की नेट बंद, नेट चाललं की फोनमध्ये खरखर. ताईंनी राउटर टेबलावरून टीव्हीवर ठेवला, टीव्हीवरून खिडकीत. वायर ओढून पाहिली, सैल सोडून पाहिली. ऑफिसमधून मी दमून यायचे आणि जिन्यातच त्या गाठायच्या. "मृणाल, तुमच्या त्या खराडीत एवढ्या काचेच्या इमारती उभ्या केल्यात, त्यांच्यातल्या कोणाला हा दिवा थांबवता येतो का?"

मी पाहिलं आणि सांगितलं, "ताई, लाइन जिथे घरात शिरते त्या पहिल्या डबीलाच राउटर लावायला हवा. ही मधली वायर आणि तिचे जोड त्याला चालत नाहीत. राउटर आत राहू दे, तिथून नेटची वेगळी वायर कॉम्प्युटरपर्यंत बाहेर आणू."

"आत नको."

"का?"

"नको म्हटलं ना."

शेवटी तक्रार नोंदवली आणि शनिवारी सकाळी लाइनवाले सलीमभाई आले. कॅम्पातले, चाळिशीचे, पुण्यात मुरलेले. वायरचा माग काढत ते दारावरून माळ्यापर्यंत गेले आणि वळून म्हणाले, "मॅडम, हे काम ज्यांनी केलंय त्यांना माझा नमस्कार सांगा."

"मीच केलंय," ताई म्हणाल्या. "पोचला नमस्कार. पुढे बोला."

"पुढे बोलायचं तर ही सगळी वायर आधी काढतो आणि आतल्या डबीवर लाइन तपासतो. दुसरा इलाज नाही."

ताईंनी हॉलमध्ये दोन फेऱ्या मारल्या. मग म्हणाल्या, "पाच मिनिटांत आटपा."

सलीमभाईंनी हॉलची वायर सोडवली, फोन उचलून आत नेला, पहिल्या डबीला जोडला आणि जुन्या जागी, पलंगाशेजारच्या स्टुलावर ठेवला. आवाज स्वच्छ येत होता. साहेब सगळं डोळे उघडे ठेवून पाहत होते. सलीमभाई काही सामान आणायला खाली गाडीकडे गेले. ताई चहा टाकायला स्वयंपाकघरात. मी दाराशी वायर गुंडाळत उभी होते.

आणि फोन वाजला.

सुजाता कधी शनिवारी फोन करत नसे. नेट लागलं का, हे विचारायला केला असावा. ताई स्वयंपाकघरातून धावत निघाल्या, पण त्यांच्याआधी साहेबांचा डावा हात स्टुलावर पोचला. रिसीव्हर एकदा हातातून निसटला. त्यांनी तो पुन्हा धरला, कानाशी नेला.

"सु... ता," ते म्हणाले.

पलीकडून काय आलं ते मला ऐकू आलं नाही. साहेबांचे ओठ हलत होते, शब्द येत नव्हते. मग पलीकडचा आवाज चढला आणि मला दाराशी स्पष्ट ऐकू आला. "पप्पा? पप्पा, तुम्हीच आहात ना? काय झालंय तुम्हाला? मला कोणी काही सांगितलं का नाही?"

साहेबांनी रिसीव्हर छातीवर टेकवला आणि दारात उभ्या असलेल्या ताईंकडे पाहिलं. "ति... ला... ठाऊक नव्हतं?"

ताईंनी 'नाही' अशी मान हलवली. तेव्हा साहेब रडायला लागले. पण ते रडणं सुटकेचं होतं. कितीतरी महिने तो माणूस असं धरून बसला होता की लेकीला सगळं कळलंय आणि तरी ती एकदाही आपल्याशी बोलायला मागत नाही.

ताईंचा चेहरा पाहवेना. त्या पुढे झाल्या, रिसीव्हर घेतला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. सुजाता पुढच्या विमानाने निघायला तयार झाली. साहेबांनी हात पुढे केला, फोन परत मागून घेतला. "ये... ऊ... नको." बराच वेळ गेला. कपाळावर घाम आला. "रोज... दिस."

म्हणून राउटर पहिल्या डबीलाच लागला आणि कॉम्प्युटरही त्याच खोलीत आला. दिवा स्थिर झाला. सुजाता रोज सकाळी दिसायला लागली. ती पलीकडून एकेक शब्द म्हणायची, साहेब म्हणायचे. चुकले की दोघं हसायचे. उन्हाळ्यापर्यंत पूर्ण वाक्यं यायला लागली. कागद सुटल्यावर ती आली, महिनाभर राहिली. त्यानंतर दोन वर्षांनी साहेब गेले.

तो फोन आला त्या शनिवारी संध्याकाळी मात्र ताई सोसायटीभोवती फेऱ्या मारत होत्या. मी खाली उतरून त्यांच्याबरोबर चालू लागले. गेटपाशी पडलेली एक वीट त्यांनी पायाने कडेला सारली. मग म्हणाल्या, "मी दोघांना जपत होते. जपायला मला कोणीच सांगितलं नव्हतं गं."  त्यांनी पावलांचा वेग वाढवला. मी मागे पडले.

ताईही आता नाहीत. त्या गेल्या तेव्हा सुजाता त्यांच्या उशाशी होती, नोकरी गुंडाळून आलेली. ती वेळेवर पोचली, कारण ताईंनी तिला पहिल्याच दिवशी कळवलं होतं. रिपोर्ट हातात पडला त्या दुपारी त्यांनी मला हाक मारली, "जरा ये, मला फोन लावायचाय." फोन त्यांना स्वतःला लावता येत होता. सोबत हवी होती, एवढंच.

त्यांनी नंबर फिरवला. तिकडे रात्र असणार, पण त्या थांबल्या नाहीत.

"सुजाता, मम्मी बोलतेय. जागी आहेस ना नीट? ऐक. माझ्या पोटात गाठ निघालीय. डॉक्टरांना ती चांगली वाटत नाही. ऑपरेशन ठरलंय. मलाही एवढंच माहीत आहे, यापेक्षा जास्त काही लपवलेलं नाही."

 पलीकडून हुंदका आला.

"रड," ताई म्हणाल्या. "रडून घे. मी लाइनवर आहे."

आणि रिसीव्हर कानाला घट्ट लावून त्या ऐकत राहिल्या.