पडलेल्या प्रोग्रॅमच्या फाइलींची नावं

कुसगावात एका बेकरीच्या वर आमचं ऑफिस होतं. खोली एक, माणसं दोघी: मी आणि ताई. ताई माझ्याहून दहाबारा वर्षांनी मोठ्या. सर्व्हर सांभाळायला मी त्यांच्याकडेच शिकले. लोणावळ्यातल्या काही हॉटेलांची बुकिंगं आणि बिलं आमच्या प्रोग्रॅमवर चालायची. मी रुजू झाले त्याच दिवशी ताईंनी माझं गाव विचारलं आणि नव्या मशीनला तेच नाव दिलं, वडिवळे. आमच्या गावाला धरण आहे. जुन्याचं नाव टाकवे होतं. ते त्यांचं माहेर.

त्या पावसाळ्यात शनिवार-रविवारी प्रोग्रॅम पडायला, म्हणजे चालता चालता मध्येच बंद व्हायला लागला. पडताना मेमरीत जे असेल ते सगळं तो एका फाइलीत टाकून जायचा. ती उघडली की कुठे अडखळला ते कळतं. पण प्रत्येक फाइलीचं नाव एकच, नुसतं ‘कोअर’. त्यामुळे दुसऱ्यांदा पडला की नवी फाइल जुनीला पुसून टाकायची.

“नाव नीट ठेवायला सांग त्याला,” ताई म्हणाल्या आणि खुर्ची माझ्याजवळ ओढून बसल्या. सिस्टिममध्ये त्यासाठी एक ओळ असते. टक्क्याचं चिन्ह आणि पुढे एकेक अक्षर. एकाने प्रोग्रॅमचं नाव येतं, एकाने मशीनचं, एकाने वेळ. मी ओळ लिहिली आणि मुद्दाम एक प्रोग्रॅम पाडून पाहिला. फाइलीच्या नावात आमचं गाव आलं! मी टाळ्याच वाजवल्या.

सोमवारी वीज गेली. मशीन परत चालू झाल्यावर पाडून पाहिलं, तर पुन्हा नुसतं ‘कोअर’. मी रडवेली झाले.

“अगं, चालू मशीनला तोंडी सांगितल्यासारखं झालं ते. सेटिंगच्या फाइलीत कुठे लिहिलंस?” ताई रागावल्या नाहीत. मी लिहिलं, मग त्यांनी मशीन दोनदा बंद-चालू करून माझी खात्री पटवली.

पुढच्या शनिवारी माझे वडील इंद्रायणी तांदळाची पिशवी घेऊन जिना चढून आले, नेमकी त्याच वेळी मी ओरडले, “ताई, वडिवळे पडलं!”

वडील दारातच थिजले. “काय गं, धरान फुटलं का काय?”

ताईंनी त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला, सगळं समजावलं. “आमच्या गावाचं नाव मशिनीला?” ते म्हणाले. “मंग पडू नका दिऊ की तिला.”

संध्याकाळी पाहिलं तर चार फाइली जमल्या होत्या. चारही बिलाच्या प्रोग्रॅमच्या, चारही सकाळी दहा ते अकरातल्या. म्हणजे पाहुणे खोल्या सोडतात ती वेळ. मोठ्या ग्रुपच्या एकत्र बिलात ओळी वाढल्या की आमचा प्रोग्रॅम कोसळत होता. दुरुस्ती ताईंनी मला करू दिली. रविवारी हॉटेलांचा एकही फोन आला नाही. आम्ही दोघी उगाचच ऑफिसात बसून राहिलो. खालून खारीचा वास येत होता.

दोन वर्षांनी ताईंच्या यजमानांची नागपूरला बदली झाली. मग ऑफिसही बंद झालं. आता मी घरूनच काम करते. मशीनं इंटरनेटवर कुठेतरी आपोआप तयार होतात, आपोआप जातात. त्यांची नावं म्हणजे कसलीतरी अक्षरं आणि आकडे. कुणी कुणाचं गाव विचारत नाही.

मागच्या महिन्यात एक हट्टी बिघाड तीन दिवसांनी सापडला. सांगायला शेजारी कुणी नव्हतं, म्हणून ताईंना फोन लावला. त्या स्वयंपाकात होत्या, मागे कुकर वाजत होता. मुलांची, घराची चौकशी झाली.

“अजून पडतात का गं प्रोग्रॅम?” त्यांनी विचारलं.

“पडतात की.”

“मग सांग ना. थांब, गॅस बंद करते.”

मी पहिल्यापासून सांगितलं. त्या मध्येमध्ये नेमके प्रश्न विचारत होत्या, पूर्वीसारखेच. सांगून संपलं तरी फोन ठेवावासा वाटेना. त्याही ठेवत नव्हत्या.