बँकेची वरकड आणि आमची खांड

बोलायच्या आधी तो काठीने चिखलात उभी रेघ ओढायचा. "आबा, इकडे देणं, तिकडे मालमत्ता. दोन्ही बाजू बघितल्याशिवाय बोलायचं नाही."

असा माणूस तुमच्याही शेजारी असेल. नोटा काढणाऱ्या मोठ्या बँकेत याने उभा जन्म काढला आणि मग चौलच्या बाजूला, माझ्या शेजारची बापाची वाडी बघायला परत आला. मी चौथी नापास. त्याला साहेब म्हणायचो ते चिडवायलाच.

"तुमच्या खिशातली नोट म्हणजे बँकेचं देणं," तो सांगायचा.

"मग द्या की, साहेब!" मी नोट पुढे करायचो. तो पोट धरून हसायचा.

दोन वर्षांमागे उधाणाने खाडीच्या बांधाला खांड पाडली. भाताची जमीन गेली. खारं पाणी आमच्या विहिरींकडे सरकायला लागलं. विहीर गेली की सुपारी गेली, आणि सुपारी गेली की आम्ही. बांध सरकारी. अर्ज केला की उत्तर एकच, निधी नाही.

एका सकाळी तो पेपर घेऊन धावत आला. "आबा, बँकेने वरकड सरकारला दिली! केवढी मोठी!"

मला ऐकू आलं वरकस, म्हणजे आमच्याकडची डोंगरउताराची हलकी जमीन. मी म्हटलं, "सरकार काय करणार तिचं? तिथे नाचणी पण धड होत न्हाय."

त्याने कपाळावर हात मारला. "जमीन नव्हे हो! बँकेकडे डॉलर असतात. रुपया पडला की ते महाग होतात. जुने स्वस्तातले विकले की नफा. खर्च आणि राखीव जाऊन उरेल ती वरकड, ती सरकारची. आता निधी नाही म्हणून दाखवू दे!"

अर्ज त्याने लिहिला. मी कुणापुढे हात पसरत नाही, पण त्याच्या शब्दावर सही केली. गावातली माणसं फावडी घेऊन खांड बुजवायला आली होती, त्यांनाही मीच माघारी धाडलं. "साहेबांचा पैसा येतोय. घरी जा."

पावसाळा सरल्यावर उत्तर आलं. निधी नाही.

मी त्याला भर रस्त्यात धरला. "कुठे गेली तुमची वरकड?"

"सरकारची तूट मोठी आहे, आबा. तिच्यात गेली."

"आणि तुमच्या ताळेबंदात आमची खांड कुठल्या बाजूला?"

त्याने काठीने रेघ ओढायला घेतली आणि अर्ध्यावर सोडून निघून गेला.

दुसऱ्या दिवसापासून तो एकटाच गोणीत माती भरून खांडीत टाकायला लागला. जन्मभर कागद धरलेले हात ते. मी माझ्या वाडीतून बघायचो. त्याने हाक मारली असती तर गेलो असतो. त्याने मारली नाही, मी गेलो नाही. चौथ्या दिवशी तो गुडघाभर पाण्यात बसलेला सापडला, उठता येत नव्हतं. त्याच्या मुलीने मुंबईला नेला. तिकडून तो गेल्याचा निरोपच आला.

त्याच्या वाडीला पाणी आता मी लावतो. काल त्याच्या विहिरीचं पाणी ओंजळीत घेऊन तोंडाला लावलं. खारट. थुंकवेना, गिळलं. तेवढ्यात मुलीचा फोन आला.

"आबा, बाबांच्या विहिरीचं पाणी गोडं आहे ना अजून?"

"व्हय," मी म्हटलं. "गोडं हाय."