टावरताई

आमच्या एकोडीच्या थांब्यावर साकोलीची बस सगळ्यांत आधी टावरताईला दिसायची. धानाच्या बांध्यांपलीकडे नुसता लाल टप दिसला की ती म्हणायची, "आली रे, उठा!" शाळेत तिच्याहून उंच फक्त पीटीचे सर, तेही बूट घातल्यावर. पुढचे दोन दात बाहेर, भुवया जाड, आणि चालणं असं ताठ की विचारू नका. तिची आई म्हणायची, "जरा वाकून चालत जा वं माय." त्यावर हिचं ठरलेलं उत्तर, "मी वाकली तं बस कोण पाहीन?"

ती बारावीत, मी अकरावीत. वरच्या वर्गातल्यांना ताई-दादा म्हणायची आमच्या शाळेची रीत. मीही म्हणायचो आणि म्हणताना जीव नकोसा व्हायचा, कारण मला ती फार आवडायची.

मोबाइलवर जपानी चित्रकथा वाचून तीही रफ वहीत तशीच एक काढायला लागली. शाळेतलं साधंसुधं प्रेम. डबा वाटून खाणं, सायकलची चेन बसवून देणं, यापुढे गाडी जायची नाही. तरी ती वही दोन वर्गांत फिरायची. हिरोईन मात्र हुबेहूब तिच्यासारखी, उंच आणि दात पुढे असलेली. मी शहाणपणा केला, "हिरोईन अशी रायते का?" ती चिडली नाही. पेन्सिलला टोक करत म्हणाली, "काहून? अशी पोरगी शाळेत येत नाही का?" मला माझीच लाज वाटली.

तिची फजिती एकदाच झाली. जपानी नायिका वरच्या वर्गातल्या मुलाला मानानं हाक मारते, म्हणून हिनं बोलण्याच्या फुग्यात लिहिलं, "दादा". पोरी हसून लोळल्या. "दादा म्हणन तं राखी बांधा लागन ना वं!" तिनं तो शब्द खोडला. तीन दिवस फुगा रिकामाच होता. चौथ्या दिवशी तिथं लिहिलेलं दिसलं, "ऐक ना."

बारावी झाल्यावर ती चित्रकला शिकायला नागपूरला निघाली. मी थांब्यावर गेलो. त्या दिवशी बस मला आधी दिसली, कारण ती माझ्याकडे पाहत होती. ती खिडकीशी बसली. ओठावर आलेलं "ताई" मी गिळलं आणि म्हणालो, "ऐक ना." नेमकी तेव्हाच कंडक्टरनं घंटी मारली. तिनं ऐकलं की नाही, कळलं नाही.

आठवड्यानं मोबाइलवर वहीच्या एका पानाचा फोटो आला. बसची खिडकी, खाली एक बुटका पोरगा, त्याच्या फुग्यात माझेच दोन शब्द. आणि आजवर एकदाही न वाकलेली ती हिरोईन खिडकीतून कमरेपर्यंत वाकून, कान पुढे करून ऐकत होती.