पैकीच्या पैकी मार्कांचं कार्ड

ग्राफिक्स कार्डातलं मला काही कळत नाही. पण दोन हजार चारच्या सुमारास शिरूरमध्ये त्यावर माझ्याइतकं अधिकारवाणीनं दुसरं कुणी बोलत नव्हतं.

आमची ताई घरीच, पत्र्याच्या खोलीत, लग्नाच्या कॅसेटांचं मिक्सिंग करायची. (म्हणजे नवरीला गुलाबात आणि नवऱ्याला बदामात बसवायची.) ऐन मे महिन्यात तिच्या कॉम्प्युटरचं कार्ड गेलं, तेव्हा दौंडचे कॉम्प्युटरवाले सलीमभाई म्हणाले, "ताई, माझ्या दुकानात चालू हाय तेच न्या. दोन उन्हाळं काढल्यात त्यानं."

मी हसलो. मी मासिक वाचलं होतं! त्यात सगळ्या कार्डांना दहावीच्या पोरांसारखे मार्क दिले होते. पहिलं आलेलं कार्ड मी पुण्याहून आणलं. पेढे वाटायचे तेवढे राहिले.

शेजारचा संतोष फौजेत. बहिणीच्या लग्नाला त्याला रजा मिळाली नव्हती. आता चार दिवस आला होता आणि शनिवारी संध्याकाळी दौंडहून त्याची गाडी होती. लग्नाची सीडी सोबत न्यायची, एवढंच त्याचं मागणं होतं.

शनिवारी सकाळी काम मंगलाष्टकांपर्यंत आलं आणि कॉम्प्युटर बंद पडला. पुन्हा चालू केला, तर अंतरपाट धरायच्या आत पुन्हा बंद. वडिलांनी, म्हणजे आबांनी, विहिरीवरच्या मोटरीला लावतात तसा डब्याला हात लावला.

"तापलंय."

"आबा, ह्याला पैकीच्या पैकी मार्क हायत."

"आसतील. परीक्षा पत्र्याखाली झाली व्हती का?"

हे मला लागलं. मोटर तापली की आपण काय करतो? ओलं गोणपाट टाकतो. मी टाकलं. (पिळून टाकलं. तेवढी अक्कल होती.) आधी चर्र आवाज आला, मग धूर आला.

"आता किती मार्क?" ताईनं शांतपणे विचारलं.

कार्ड गेलं, लग्न तेवढं हार्डडिस्कमध्ये वाचलं. संतोष दारातच उभा होता. "ऱ्हाऊ द्या ताई," म्हणाला आणि खाली बघत राहिला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ताईनं दौंडला फोन लावला. सलीमभाईंनी दुकान बंद केलं, चालू कॉम्प्युटरमधलं कार्ड काढलं, रुमालात गुंडाळलं आणि भर उन्हात फटफटीवरून शिरूर गाठलं. दुपारी सीडी तयार झाली. बहिणीची पाठवणी संतोषनं उभ्यानंच पाहिली आणि मनगटानं डोळे पुसले. सलीमभाईंनी त्याला मागे बसवून नेलं आणि दौंडला गाडीत बसवून दिलं. त्या माणसाचे उपकार मी आजही विसरलेलो नाही. ते कार्ड पुढे सात उन्हाळे चाललं.

पुढच्याच मे महिन्यात भांडगावचे एक पाहुणे मला बघायला आले. मी मोठ्या झोकात माझी मार्कशीट पुढे केली.

"मामा, मार्कांवर जाऊ नका," ताई पाहुण्यांना म्हणाली. "चार दिस रानात वापरून बघा."

त्यांनी खरंच नेलं. पहिल्याच दुपारी वांग्यांना पाणी देता देता मी बंद पडलो. मामांनी अंगावर ओलं गोणपाट टाकलं. धूर निघाला नाही, एवढ्यावर त्यांनी मुलगी दिली.