खुब्याची वाटी

औशात कुणाचं हाड सरकलं की लोक जिलानीचाचांकडे यायचे. बहात्तरच्या दुष्काळात तलावाच्या कामावर वाकून खणणाऱ्या सिद्रामप्पाच्या पाठीवर दरड कोसळली आणि त्याचा खुबा निखळला. बैल चारा छावणीत होते, गाडी जुंपता येईना, म्हणून त्याला खाटेवर घालून दुसऱ्या दिवशी आणलं. पाय आत वळलेला, आखूड झालेला. चाचांनी दोघांना त्याची कंबर दाबून धरायला लावली, गुडघा वाकवून मांडी सरळ वर ओढली. खट् आवाज झाला अन् खुबा बसला. चाचांचं तालुकाभर नाव झालं.

दहा वर्षांनी लातूर जिल्हा झाला आणि तिथं हाडांचा तरुण डॉक्टर आला. लोक चाचांच्या दारावरून लातूरची बस धरायला जाऊ लागले. चाचा ओट्यावर बसून प्रत्येक लंगडणारा मोजत अन् जळत.

एक दिवस सिद्रामप्पाही निघाला. त्याचा तोच खुबा काही वर्षं बरा राहून आता सात वर्षं दुखत होता. "आराम केला न्हाईस," एवढंच चाचा म्हणत आले होते.

"म्या बी येतो," चाचा म्हणाले. डॉक्टरची फजिती बघायची होती त्यांना.

डॉक्टरनं टेबलावर हाडं मांडली. "ही वाटी, हा मांडीचा गोळा. वाटी खोल, पुढून जाड बंध, म्हणून सांधा पक्का. मागून मात्र जरा कच्चा. वाकलेल्यावर वजन पडलं की गोळा मागं निसटतो."

चाळीस वर्षं चाचांनी जे मांसावरून चाचपलं, ते या पोराला उघडं बघायला मिळत होतं. चाचांचा जीव जळून गेला.

मग डॉक्टरनं सिद्रामप्पाच्या खुब्याचा एक्स-रे फोटो उजेडाला धरला. "गोळा चपटा झालाय. खुबा निखळला की गोळ्याला जाणारं रक्त तुटतं. कुणी बसवला?"

"म्या."

"वाटीत नीट बसवलाय, चाचा. पण उशीर झाला होता. काही तासांत बसला असता, तर गोळा वाचायची आशा जास्त होती."

हे जास्तच झोंबलं. चूक काढली असती, तर भांडता तरी आलं असतं.

बाहेर येताच चाचा म्हणाले, "सिद्रामप्पा, उगीच तुला बोलत राहिलो. माझी गलती."

"हाव. घरचे बी मलाच बोलायचे," तो म्हणाला.

पुढच्या उन्हाळ्यात शेजारची म्हातारी लक्ष्मम्मा अंगणात पडली. पाय बाहेर वळलेला बघून चाचांनी ओळखलं, खुब्याचं हाड मोडलंय. ओढलं नाही. दोन्ही पाय एकत्र बांधले आणि तिला जीपनं लातूरला धाडलं. चार महिन्यांनी ती काठी टेकत फिरू लागली आणि तिनं डॉक्टरला पेढे पाठवले. ते कळलं, त्या दिवशी चाचा जेवले नाहीत.