पिवळ्या पाणघोड्याचा केक

भिंत सूतभर जरी वाकडी असली, तरी मामाचा जीव वरखाली होई. पंचवीस वर्षं गवंडीकाम केलेला माणूस. कामावर त्याला सगळे ‘ओळंबा’ म्हणत. भिंत सरळ उभी आहे का हे बघायला दोरीला वजन बांधून सोडतात ना, तो ओळंबा. मामा होताही तसाच, उंच, काटकुळा आणि सरळसोट. कुणाकडे पाहुणा म्हणून गेला, तरी चहा पिता पिता एक डोळा मिटून खोलीचे कोपरे तपासायचा.

अशा माणसावर एका रविवारी केक करायची पाळी आली.

भाचीला त्या दिवशी चार वर्षं पूर्ण होत होती. मामा आला होता फक्त फुगे फुगवायला. सातवा फुगा तोंडात असताना बहिणीचा फोन आला. ती दवाखान्यात नर्स.

“दादा, माझ्या जागेवर येणारी आजारी पडलीये. मला साडेपाचपर्यंत थांबावं लागणार. केक तूच कर.”

“मी? अगं, मी साधं अंडं उकडायला ठेवलं तर भांडं करपतं!”

“सिमेंट कालवतोस ना? तसा मैदा कालव. माप फ्रिजवर चिकटवलंय. आणि ऐक, तिला बुडबुडचा केक हवाय.” फोन बंद.

बुडबुड म्हणजे पाण्याला घाबरणारा पाणघोडा. भाची केस धुवायला नको म्हणून रडायची, तेव्हा मामानेच गोष्टीत त्याला जन्माला घातलं होतं. ना त्याचं चित्र कुठे, ना तो टीव्हीवर. मामाने विचार केला, आपणच केलेला पाणघोडा, आपण थापू तसा दिसेल. चूक काढणार कोण?

चूक काढणारी स्टुलावर चढून उभीच होती.

“मामा, राखाडी नाही हं. बुडबुड पिवळा असतो.”

“कधीपासून?”

“पहिल्यापासून. तू विसरलास.”

वाळू चाळणाऱ्या हातांना मैदा चाळणं म्हणजे पोरखेळ. मामाने चाळणीला असा काही झटका दिला, की निम्मा मैदा हवेत उडाला. धुरळा खाली बसल्यावर भाचीने त्याच्याकडे पाहिलं आणि टाळ्या पिटल्या. “मामा म्हातारा झाला! मामा म्हातारा झाला!” मग तिलाही म्हातारं व्हायचं होतं. मामाने तिच्या डोक्यावर चिमूटभर मैदा भुरभुरला. दोघं म्हातारे शिंकत शिंकत अंडी फोडू लागले.

गोल डब्यात पोट आणि वाटीत डोकं, असे दोन केक ओव्हनमधून बाहेर आले. छान फुगले होते, पण पोटाच्या मधोमध टेकडी आली होती. मामाला ते बघवेना. त्याने कामाच्या पिशवीतून पातळी बघायची पाणसळ काढली, साबणाने घासून धुतली आणि केकवर आडवी ठेवली. काचेच्या नळीतला हवेचा बुडबुडा पळत एका टोकाला गेला.

“अय्या, बुडबुडचं पिल्लू!” भाची ओरडली.

“पिल्लू मधे आलं पाहिजे,” मामा म्हणाला आणि त्याने टेकडीचा एक काप काढला. काप भाचीच्या तोंडात गेला.

“आता?”

“वाकडंय,” ती भरल्या तोंडाने म्हणाली.

दुसरा काप. “आता?”

“अजून थोडं.”

पिल्लू केव्हाचं मधे येऊन बसलं होतं, हे मामाच्या लक्षात आलं तेव्हा टेकडी गेलीच होती, वर पाणघोड्याचं निम्मं पोटही गेलं होतं.

“अगं लबाडे!” म्हणत तो तिच्यामागे धावला. टेबलाभोवती तीन फेऱ्या झाल्या. चौथ्या फेरीत तीच त्याच्यामागे धावत होती.

मग पिवळं क्रीम. कोरी, उकळत्या पाण्यातून काढलेली छोटी थापी मामाने हातात घेतली आणि त्याचे हात सुटले. वरून खाली, खालून वर, कडेने एक गोल फेरा. क्रीम आरशासारखं गुळगुळीत झालं. मागे सरून, मान तिरकी करून तो स्वतःवरच खूश होऊन बघत राहिला.

“असा नसतो तो,” भाची म्हणाली. “तो सारखा हसतो. म्हणून त्याला सुरकुत्या असतात.”

सगळा जन्म भिंती गुळगुळीत करण्यात गेलेला हा माणूस क्षणभर हातातल्या थापीकडे बघत उभा राहिला. मग त्याने काटा उचलला आणि आपल्या सुरेख गिलाव्यावर सर्रकन एक ओरखडा ओढला. अंगावर शहारा आला. दुसरा ओढला, तेव्हा हसू फुटलं. पुढचे वीस-पंचवीस त्या दोघांनी मिळून, खिदळत, वाटेल तसे ओढले.

बिस्किटांचे कान लागले. डोळ्यांसाठी चॉकलेटच्या दोन गोळ्या होत्या, त्यातली एक शोधूनही सापडेना. भाचीचे ओठ तपकिरी झाले होते.

“तो एक डोळा मिटून बघतोय,” तिने लगेच सांगून टाकलं. “तुझ्यासारखा.”

सहा वाजता शेजारची सहा पोरं टेबलाभोवती जमली.

“हा बटाटा आहे?” समोरच्या घरातली मोठ्या चष्म्याची मुलगी म्हणाली.

मामाने ताटली हळूच स्वतःकडे ओढली. पण भाचीने कमरेवर हात ठेवले. “बटाट्याला कान असतात का?” आणि तिने बुडबुडची सगळी हकीगत सांगितली. तो छत्री घेऊन आंघोळ करतो, तळ्याला लांबूनच नमस्कार करतो, सगळं सगळं. पोरं हसून लोळायला लागली. तेवढ्यात बहीण गणवेशातच धापा टाकत दारात आली. तिने केक पाहिला, केसांत मैदा अडकलेल्या भावाला पाहिलं, आणि हसता हसता दाराला टेकून खालीच बसली.

मेणबत्त्या विझल्या. मामाने सुरी उचलली तसा एक बारका आवाज आला, “त्याला दुखेल ना?”

“नाही,” भाची म्हणाली. “गुदगुल्या होतात.”

मग सुरी टेकली रे टेकली, की सगळी पोरं पाणघोड्याच्या वतीने किंचाळून हसायची. मामाही हसायचा, अगदी बारीक आवाजात. ताटलीत पिवळे डाग तेवढे उरले.

चष्मेवाली मुलगी मामाची बाही ओढत म्हणाली, “काका, शुक्रवारी माझा वाढदिवस आहे. मला बूट घातलेली गोम पाहिजे. चाळीस बूट.”

मामा गंभीर चेहऱ्याने तिच्यासमोर उकिडवा बसला.

“नाडीचे, की बिननाडीचे?”